राजचिन्हावर उरलेला बेडूक

जंगल जागेवर आहे, शिकारीवर बंदी आहे, कायदा आहे आणि लोकांची सहानुभूतीही आहे. तरीही कॅरिबियन समुद्रातील दोन बेटांवरून ‘माउंटन चिकन’ हा महाकाय बेडूक जवळपास नाहीसा झाला. वन्यजीव संरक्षणाच्या रूढ कल्पना कोठे अपुऱ्या पडतात, याचा हा धडा आहे.

भारतीय क्रिकेटप्रेमींना डॉमिनिका हे नाव आठवते ते रोझो येथील विंडसर पार्क मैदानामुळे. जुलै २०२३ मध्ये याच मैदानावर मुंबईकर यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडिजला डावाने हरवले. त्याच वर्षी या बेटावरील रानांत आणखी एक मोजणी झाली. तिची आकडेवारी मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. संशोधकांनी रात्री जंगले पालथी घालून ‘माउंटन चिकन’ या बेडकाचा शोध घेतला. हाती लागलेली संख्या होती अवघी २१.

डॉमिनिका हा जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचा आणि सुमारे ७० हजार वस्तीचा स्वतंत्र देश. डॉमिनिकन रिपब्लिकशी त्याची गल्लत नेहमीच होते. या देशाच्या राजचिन्हावरील ढालीचे चार भाग आहेत. त्यांत नारळाचे झाड, केळीचे झाड आणि होडी यांच्या जोडीला एक बेडूक कोरला आहे. स्थानिक लोक त्याला ‘क्रापो’ म्हणतात. एखाद्या देशाने आपल्या राजचिन्हावर बेडकाला स्थान द्यावे, हे जगात विरळाच. पण आज तो बेडूक रानात दिसण्याची शक्यता कमी आणि सरकारी कागदांवर दिसण्याची शक्यता अधिक, अशी स्थिती आहे.

खाद्य आणि अभिमान

‘माउंटन चिकन’चे शास्त्रीय नाव लेप्टोडॅक्टिलस फॅलॅक्स. जगातील सर्वांत मोठ्या बेडकांमध्ये त्याची गणना होते. पूर्ण वाढलेल्या बेडकाची लांबी वीस सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन एक किलोपर्यंत भरते. त्याच्या मांड्यांचे मांस कोंबडीसारखे लागते, त्यावरून हे नाव पडले. डॉमिनिकात तो राष्ट्रीय पक्वान्न मानला जाई. पर्यटकांच्या थाळीत तो असे, तसा सणासुदीला घरच्या जेवणातही असे. रोगाची साथ येण्यापूर्वी दरवर्षी ८ हजार ते ३६ हजार बेडूक मारले जात असावेत, असा अंदाज आहे.

एवढी शिकार होऊनही तो टिकून होता, याचे आश्चर्य वाटावे अशी त्याची प्रजननाची रीत आहे. बहुतेक बेडूक पाण्यात हजारो अंडी घालतात आणि त्यांना नशिबाच्या हवाली करून निघून जातात. माउंटन चिकन तसे करत नाही. तो पाण्यात अंडी घालतच नाही. नर आणि मादी मिळून जमिनीतील बिळात फेसाचे घरटे तयार करतात आणि त्या फेसात पिल्ले वाढतात. मादी बिळाजवळ पहारा देते. पिल्लांना खाऊ घालण्यासाठी ती वरचेवर घरट्यात येऊन फलित न झालेली अंडी घालते. बेडूकमासे तीच अंडी खाऊन वाढतात. एका विणीतून तीस-चाळीसच पिल्ले बाहेर पडतात आणि मादी साधारणपणे वर्षातून एकदाच विते. थोडक्यात, हा बेडूक कमी पिल्ले घालून त्यांना जपणारा आहे. अशा प्राण्याची संख्या एकदा कोसळली की ती पुन्हा भरून यायला वेळ लागतो. अपघात एखाद्या वर्षाचा असला, तरी त्याचा परिणाम पिढ्यांवर होतो.

एके काळी हा बेडूक पूर्व कॅरिबियनच्या अनेक बेटांवर होता. मार्टिनिक, सेंट किट्स, सेंट लुशिया येथून तो फार पूर्वीच नाहीसा झाला. शिकार, जंगलतोड आणि बाहेरून आणलेले मुंगूस, मांजर, उंदीर यांसारखे प्राणी ही त्यामागची कारणे मानली जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो दोनच बेटांवर उरला होता. डॉमिनिका आणि तिच्या उत्तरेचे, ब्रिटनच्या ताब्यातील माँटसेराट.

पंधरा महिन्यांची गोष्ट

डिसेंबर २००२ मध्ये डॉमिनिकातील रानांत मेलेले आणि मरणपंथाला लागलेले बेडूक आढळू लागले. आळसावल्यासारखे, भरदिवसा उघड्यावर बसून राहणारे, माणूस जवळ आला तरी न उडणारे. एरवी हा प्राणी निशाचर आणि सावध. तपासणीत कारण कळले. ते ‘कायट्रिड’ या बुरशीचे संक्रमण होते. पुढच्या सव्वा-दीड वर्षात बेटावरील बेडकांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली. त्यानंतरच्या वर्षांत तर ती जवळपास शून्यावर आली.

या बुरशीची शास्त्रीय ओळख अवघ्या पंचवीस-सव्वीस वर्षांची आहे. १९९९ मध्ये तिला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव मिळाले. तिचे बीजाणू पाण्यातून पोहत बेडकाच्या कातडीपर्यंत पोचतात. बेडकाच्या दृष्टीने कातडी म्हणजे निव्वळ आवरण नसते. त्याच्या शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल कातडीच राखते. बुरशीने कातडी बिघडवली की रक्तातील सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांचे प्रमाण ढासळते आणि अखेर हृदय बंद पडते. बुरशी वाढते साधारण १७ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात. सदाहरित डोंगरी जंगलातील गारवा, ओल आणि सावली तिला मानवते. बेडकाला जे वातावरण हवे, तेच बुरशीलाही हवे, हे या प्रकरणातील मोठे दुर्दैव.

डॉमिनिकाने शिकारीवर पूर्ण बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय पक्वान्नाचा मानही या बेडकाकडून काढून घेऊन कॅलालू या पालेभाजीच्या पदार्थाला देण्यात आला. लोकांनी आपली आवडती थाळी सोडली, पण तोपर्यंत शिकार हा प्रश्न दुय्यम ठरला होता.

ज्वालामुखी सहन झाला, पेटी नाही

माँटसेराटची कथा आणखी बोलकी आहे. जुलै १९९५ मध्ये या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या बेटावरील सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. १९९७ च्या उद्रेकात १९ जणांचा बळी गेला आणि राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली. बेटाचा दक्षिण भाग माणसांना बंद करण्यात आला आणि निम्म्याहून अधिक लोक बेट सोडून गेले. राख आणि आम्लधर्मी पाऊस यांचा तडाखा बेडकांनाही बसला. तरी मध्यभागीच्या सेंटर हिल्सच्या जंगलात ते तग धरून राहिले. डॉमिनिकातील बेडूक संपत असताना जगाच्या आशा या एका टेकडीवर टिकून होत्या.

२००९ च्या सुरुवातीला तेथेही मेलेले बेडूक सापडले. बुरशी पोचली होती. ती कशी पोचली याचे ठोस उत्तर मिळालेले नाही. मात्र, डॉमिनिकातून येणाऱ्या भाजीपाल्याच्या पेट्यांतून लहान बेडूक प्रवास करतात, हे संशोधकांनी दाखवून दिले आणि तोच संभाव्य मार्ग मानला जातो. माँटसेराटवर आधीपासून असलेले छोटे बेडूक आणि बाहेरून आलेला केन टोड हे बुरशी अंगावर बाळगतात, पण सहसा मरत नाहीत. त्यामुळे माउंटन चिकन संपला तरी बुरशी संपत नाही. ती इतरांच्या अंगावर वास्तव्य करून राहते आणि पुढच्या बळीची वाट पाहते.

ज्या प्राण्याने ज्वालामुखीचा मारा सोसला, त्याला बहुधा भाजीच्या एका पेटीतून आलेला रोग सोसवला नाही. ज्वालामुखी, वादळे, भूकंप हे बेटांच्या आयुष्याचे भाग आहेत आणि तेथील जीवसृष्टी त्यांच्या सोबतीने घडलेली आहे. दूरच्या खंडातून आलेला रोगजंतू मात्र तिच्या अनुभवाच्या बाहेरचा असतो.

सुटका आणि तिचे मर्म

रोग पसरत असतानाच २००९ मध्ये माँटसेराटहून ५० निरोगी बेडूक विमानाने युरोपात नेण्यात आले. जर्सी बेटावरील ड्युरेल संस्था, लंडन प्राणिसंग्रहालय आणि स्वीडनमधील एक प्राणिसंग्रहालय यांनी त्यांना आश्रय दिला. तेथे त्यांची प्रजा वाढली. ही योजना नसती, तर माँटसेराटचा वंश आज इतिहासजमा झाला असता.

पण वाढवलेले बेडूक परत सोडायचे कोठे, हा प्रश्न त्यातून सुटला नाही. २०११ पासूनच्या काही वर्षांत बेटावर बेडूक सोडण्याचे प्रयोग झाले. बुरशी जंगलात असल्याने बहुतेक बेडूक टिकले नाहीत. साथ सुरू असताना काही बेडकांना इट्रॅकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून पाहिले गेले. उपचार चालू असेतो त्यांचे जगण्याचे प्रमाण वाढले, उपचार थांबताच संरक्षणही संपले. आणि प्रत्येक बेडकाला दर आठवड्याला पकडून औषधाच्या पाण्यात बुडवणे, हे कोणत्याही रानात कायमचे चालणारे काम नव्हे. मधल्या काळात परिस्थिती इतकी खालावली, की जंगलात एक नर आणि एक मादी यांचाच ठावठिकाणा लागत होता. त्यांच्यातील अंतर अर्धा किलोमीटर असल्याने मादीला उचलून नराच्या परिसरात आणण्याची योजना आखावी लागली.

२०१९ मध्ये वेगळा मार्ग धरण्यात आला. २७ बेडूक माँटसेराटवर आणून अर्धमुक्त कुंपणात ठेवण्यात आले. तेथील डबकी सौर ऊर्जेवर तापवली गेली आणि वरची झाडी विरळ करून ऊन आत येऊ दिले गेले. बुरशीला उष्णता सोसत नाही. ३० अंशांच्या आसपास तिची वाढ खुंटते. बेडकाने उबदार पाण्यात बसावे आणि बुरशी आपोआप कमी व्हावी, अशी ही कल्पना आहे. साथीच्या काळात आजारी माणसाला ताप येतो, त्याचीच ही मानवनिर्मित आवृत्ती म्हणता येईल.

ही कल्पना निश्चितच कल्पक आहे. तथापि तिची मर्यादा ओळखायला हवी. कुंपण, पंप आणि सौर पट्ट्या यांवर जगणारा बेडूक हा रानातला प्राणी आहे, की रानाच्या कडेला वसवलेले प्राणिसंग्रहालय? प्रश्न खोचक वाटेल. पण त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढची दिशा ठरत नाही. कुंपणातील बेडूक हा मुक्काम नव्हे. वेळ मिळवण्याचा तो एक उपाय आहे आणि त्या वेळेत जे व्हायला हवे, ते कुंपणाच्या बाहेर आहे.

वीस वर्षे तग धरलेले २१

त्यातील पहिली गोष्ट डॉमिनिकाच्या रानात आहे. तेथील उरलेले बेडूक गेली वीस वर्षे बुरशीच्या शेजारी जगत आले आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया या पाचव्या श्रेणीच्या चक्रीवादळाने बेटावरील जंगलाचा माथा उडवला आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक नुकसान केले. त्यातूनही काही बेडूक वाचले. हे योगायोगाने वाचले, की त्यांच्या रक्तात काही प्रतिकारशक्ती आहे, हा आज संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे. दुसरी शक्यता खरी असेल, तर या दोन डझनांहूनही कमी प्राण्यांमध्ये संपूर्ण जातीचे भवितव्य साठवलेले आहे. युरोपातील बंदिस्त बेडूक संख्येने अधिक असले, तरी त्यांचे पूर्वज रोगाचा सामना करण्यापूर्वीच उचलून नेलेले होते.

यामुळे संरक्षणाचा क्रम बदलतो. कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या उतारावर हे बेडूक आहेत ती जागा राखणे हे काम तातडीचे ठरते. रस्ता, दगडखाण, हॉटेल किंवा शेतीचा विस्तार यांपैकी काहीही त्या जागेवर आले, तर एखाद्या मोसमात हे प्रकरण कायमचे मिटेल. वादळातून सावरण्यासाठी पर्यटन आणि बांधकाम यांवर भिस्त ठेवणाऱ्या छोट्या देशाला ‘इथे बांधू नका’ असे सांगणे सोपे नाही. त्याची किंमत कोण भरणार, हा प्रश्न म्हणूनच न्यायाचा आहे. या बुरशीचा व्यापार डॉमिनिकाने केलेला नाही.

रोगाचा पत्ता

दुसरी गोष्ट बंदरांवर आणि विमानतळांवर आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने या बुरशीचे मूळ पूर्व आशियात, कोरियन द्वीपकल्पाच्या परिसरात असल्याचा निष्कर्ष काढला. विसाव्या शतकात ती जगभर गेली ती माणसाच्या हाताने. पाळीव प्राण्यांचा बाजार, खाण्यासाठी बेडूक पाळण्याचा धंदा, प्रयोगशाळांतील वापर, यांच्या वाटेने जिवंत उभयचर खंडांमागून खंड ओलांडत राहिले. त्यांच्यासोबत बुरशीही गेली. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. ज्ञात इतिहासात एका रोगाने इतक्या जाती संपवल्याचे दुसरे उदाहरण नाही. २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचे मूल्यमापन झाले, तेव्हा ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक आहे.

उपाय नाहीतच असे नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००८ मध्ये हा रोग सूचित करावयाच्या रोगांच्या यादीत घेतला. २०१६ मध्ये अमेरिकेने दुसऱ्या एका कायट्रिड बुरशीचा धोका ओळखून २०१ सॅलॅमँडर जातींच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे रोग येण्यापूर्वी दार लावता येते, हे एका सरकारने करून दाखवले. प्रश्न आहे तो इच्छाशक्तीचा. गाय-म्हैस, कोंबडी यांच्या वाहतुकीसाठी जगाने जे निर्बंध घातले आहेत, ते जिवंत बेडकांसाठी अजून अनेक देशांत अस्तित्वात नाहीत. कारण बेडूक मेला तर दूध कमी होत नाही आणि शेअर बाजारही खाली येत नाही.

सह्याद्रीसाठी इशारा

हा विषय कॅरिबियनपुरता मर्यादित नाही. गोव्यात पावसाळ्यात बेडकाच्या मांसाला ‘जंपिंग चिकन’ म्हटले जाते आणि विणीच्या काळात पिवळेधमक होणारे मोठे बेडूक त्यासाठी पकडले जातात. कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. तरी दर पावसाळ्यात पहिल्या सरींबरोबर मशाली-टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांच्या बातम्या येतात. दोन दूरच्या समुद्रकिनाऱ्यांवर माणसांनी बेडकाला ‘चिकन’ म्हणावे, यात विनोद आहे आणि त्यामागे इशाराही आहे. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात हजारो टनांत होत असे. शेतीचे नुकसान आणि डासांचा उपद्रव लक्षात आल्यावर १९८७ मध्ये ती बंद झाली. त्या निर्णयाने देशातील बेडकांवरचा एक मोठा भार उतरला.

कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आहे. २०११ पासून तिच्या नोंदी मिळू लागल्या आणि २०१३ मध्ये पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने ती घाटात विस्तृतपणे पसरलेली असल्याचे दाखवले. सुदैवाने येथे माउंटन चिकनसारखे मृत्युसत्र नोंदले गेलेले नाही. आशियात बेडूक आणि बुरशी दीर्घकाळ एकत्र राहिले असल्याचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. पण हे विमापत्र नव्हे. बाहेरच्या खंडातून एखादा अधिक घातक वाण पाळीव प्राण्यांच्या बाजारातून आला, तर त्याला कोणतेही कुंपण अडवणार नाही. सिंधुदुर्गातील आंबोली टोड हा अतिसंकटग्रस्त बेडूक आंबोली परिसराबाहेर फारसा कोठे आढळत नाही. एका पठाराएवढ्या जागेत ज्याचे सारे अस्तित्व सामावले आहे, त्याला डॉमिनिकाएवढे बेटही मिळालेले नाही. वर्षा पर्यटनाची गर्दी, रस्त्यावर चिरडले जाणारे बेडूक आणि रोगनिरीक्षणाची अनुपस्थिती हे तिघे मिळून तेथील चित्र अवघड करतात.

कशाचे रक्षण?

वन्यजीव संरक्षणाची आपली रूढ भाषा जागेची आहे. जंगल राखा, अभयारण्य जाहीर करा, शिकार थांबवा. वाघ, हत्ती, गेंडे यांच्या बाबतीत या भाषेने बरेच काही साध्य केले. माउंटन चिकनने तिची उणीव उघडी केली. डॉमिनिकातील हिरवी डोंगररांग आणि माँटसेराटचे सेंटर हिल्स जागेवर आहेत. त्यांच्यातून एक रहिवासी निघून गेला आहे. रोगाच्या जगात सीमा नकाशावर आखून चालत नाही. ती मालाच्या पेटीवर, प्रवाशाच्या बुटांवर, पाळीव प्राण्यांच्या दुकानाच्या परवान्यावर आखावी लागते.

म्हणूनच पुढील काही वर्षांची कसोटी दोन ठिकाणी आहे. रानातील २१ बेडकांच्या जागा डॉमिनिका राखू शकते का, आणि श्रीमंत देश त्यासाठी खर्चाचा वाटा उचलतात का. दुसरे म्हणजे, जिवंत उभयचरांच्या व्यापाराला रोगतपासणीची सक्ती होते का. पहिले झाले नाही तर कुंपणातील बेडकांना परतीचे घर उरणार नाही. दुसरे झाले नाही तर माउंटन चिकनच्या जागी पुढचे नाव लिहावे लागेल आणि ते आंबोलीचेही असू शकते.

डॉमिनिकाच्या राजचिन्हावर बेडूक कायमच राहील. देशांची चिन्हे प्राण्यांपेक्षा दीर्घायुषी असतात. त्या चिन्हाखाली वाढणाऱ्या मुलांना तो प्राणी कसा दिसतो, कसा आवाज करतो, हे रानात जाऊन कळेल की संग्रहालयात, याचे उत्तर मात्र अजून लिहिले जायचे आहे.